वर्गात बसलेलं, पण वर्गात नसलेलं मूल

आज समास आणि प्रयोग जरा बाजूला ठेवूया. मला श्रुतलेखनाच्या एका वहीबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात जवळच्या बालगृहातून सहा मुलं यायची. सकाळी रांगेत, सोबत एक काका, सगळ्यांचे शर्ट एकाच ताग्यातले. गावात त्यांना सर्रास 'रिमांड होमची पोरं' म्हणत. खरं म्हणजे आपला बाल न्याय अधिनियम 2015 दोन वेगळे गट मानतो. एक, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक, ज्याचा निर्णय बाल कल्याण समिती करते. दुसरं, विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, आणि ज्याची चौकशी बाल न्याय मंडळापुढे चालते. मुलाला डाग लागेल असे शब्द कामकाजात वापरू नयेत, हेही त्याच कायद्याच्या तत्त्वांमध्ये लिहिलेलं आहे. पण शिक्षक-खोलीत कायदा कोण वाचतं? तिथे सगळी 'रिमांड होमची'.

त्या सहांपैकी एकाची ही वही. त्याचं नाव मी सांगणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कलम 74 मनाई करतं, आणि तसंही नावाशी आपल्याला काही कर्तव्य नाही. नुसतं 'तो' म्हणूया.

त्याचं अक्षर सुरेख होतं. ऱ्हस्व-दीर्घ वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा बरं. पण श्रुतलेखनात मध्येच वाक्य तुटलेलं असायचं. 'शेतकरी पहाटे उठून बैल' एवढं लिहून पुढे कोरं, आणि मग चार-पाच ओळींनंतर उताऱ्याचा शेवट पुन्हा नीट लिहिलेला. मधला भाग गायब. मी लाल पेनाने तीनदा शेरा मारला होता, 'लक्ष कुठे आहे?' प्रश्न बरोबर होता म्हणा. पण तो मी उत्तर मिळावं म्हणून विचारलेला नव्हता, हे तुम्हालाही कळतंय.

जुलैची दुपार होती. व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी दार लोटलं, वाऱ्याने उघडू नये म्हणून आतून कडी घातली आणि उतारा सांगायला लागले. दोन वाक्यांनंतर पाहिलं तर याचं पेन थांबलेलं. डोळे फळ्याकडे, पण फळा दिसत नसावा असे. मी नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला, आणि खरं सांगायचं तर जरा हलवलंच. तो दचकला नाही. तेव्हा माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. मुठीत कंपासपेटीतला कर्कटक होता, त्याचं टोक तळव्यात रुतलं होतं आणि वहीवर रक्ताचे दोन थेंब पडले होते. त्याला पत्ता नव्हता.

आणि मी काय म्हटलं? "नाटकं बंद कर." वर्ग हसला.

थोड्या वेळाने त्याने डोळे मिचकावले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, तुम्ही कधी आलात?" मी वर्गात येऊन वीस मिनिटं झाली होती.

सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाले, "ही पोरं पक्की असतात हो, सहानुभूती कशी मिळवायची ते त्यांना बरोबर कळतं." मलाही तेच पटत होतं, हे कबूल करते. ते खोडून निघालं ते बालगृहात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या समुपदेशक मुलीमुळे. माझ्यापेक्षा निम्म्या वयाची. ती म्हणाली, "बाई, तो नाटक करत नाहीये. तो तिथून निघून जातो. कधीतरी निघून जाणं हाच एक उपाय त्याच्या हातात होता. आता गरज नसतानाही तो आपोआप होतो."

इंग्रजीत याला डिसोसिएशन म्हणतात. याला मराठी प्रतिशब्द घडवण्यात मला रस नाही. तिचाच शब्द चांगला आहे, निघून जाणं. संकट आलं की शरीर लढतं किंवा पळतं, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. पण आठ वर्षांच्या पोराला रोज मारणारा माणूस घरातलाच असेल तर त्याने लढायचं कुणाशी आणि पळायचं कुठे? मग शरीर जागेवर राहतं आणि मन बाजूला होतं. दुखणं बोथट होतं, आवाज लांबून येतात, आपलाच हात परक्याचा वाटतो, वेळेचा तुकडा गळून जातो. फ्रान्समध्ये प्येर जाने यांनी 1889 साली आपल्या प्रबंधात अशा अवस्थांचा सविस्तर अभ्यास मांडला होता, म्हणजे विषय काही आजचा नाही. आघातानंतरच्या तणाव-विकाराचा असा एक खास उपप्रकार 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतही आहे. तरी आपल्या बी.एड.च्या वर्गात मला तो कुणी शिकवला नाही. तुम्हाला शिकवला असेल तर तुमचं नशीब.

आपल्याकडे या अवस्थेला शब्द नाहीत असंही नाही. 'शून्यात बघतो', 'बधिर झालाय', 'तंद्री लागली', आणि पुढे जाऊन 'लागीर झालं', 'बाहेरचं आहे'. शेवटचे दोन शब्द धोक्याचे. ते एकदा उच्चारले की मूल देवऋषीकडे जातं, तिथे धुरी, कधी मार, म्हणजे ज्यातून ते निघून जायला शिकलं तेच पुन्हा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, एवढं पालकसभेत एकदा मोठ्याने सांगून ठेवावं.

इथे एक सावधगिरी, आणि ती महत्त्वाची आहे. शून्यात बघणारं प्रत्येक मूल आघातातून आलेलं नसतं. फिट्सचा एक प्रकार असतो, त्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, फक्त काही सेकंद थिजतं आणि जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करतं. दिवसात असं अनेकदा होऊ शकतं. मेंदूचा आलेख काढला की ते कळतं आणि औषधाने आटोक्यात येतं. शिवाय अर्धवट झोप, सकाळपासून पोटात काही नसणं, कमी ऐकू येणं ही कारणंही असतात. म्हणून निदान आपण करायचं नाही. आपण करायचं ते एवढंच की तारीख, वेळ, साधारण किती सेकंद किंवा मिनिटं, आणि त्याआधी वर्गात काय चाललं होतं, हे वहीत टिपून ठेवायचं. ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात पडली तर त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा आपण वजन-उंचीचे तक्ते भरण्यात गुंततो. त्या दिवशी ही चिठ्ठी पुढे करा.

मी टिपायला लागले ती उलट्या दिशेने. जुन्या वह्या काढल्या, कोऱ्या जागांच्या तारखा पाहिल्या. जून, जुलै, ऑगस्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला एकही नाही. आधी वाटलं पावसाचा आवाज. मग लक्षात आलं, पावसाच्या दिवशी मी कडी घालते.

त्या दारामागे त्याच्याबाबतीत काय घडलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, कारण करायचं काम अगदी फुटकळ होतं. दार उघडं ठेवायचं. पाऊस असला तर उताऱ्याऐवजी फळ्यावरून लेखन घ्यायचं. त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं, 'शिक्षा म्हणून नाही, हवा येते म्हणून' असं सांगून. कोऱ्या जागा थांबल्या असं म्हणणार नाही. कमी झाल्या. दिवाळीपर्यंत दोनच आल्या.

गोष्ट माहीत नसतानाही मदत करता येते, हेच मला आज सांगायचं आहे. आपल्याला उगाच वाटतं की मुलाने मन मोकळं केलं पाहिजे, मगच ते बरं होईल. म्हणून आपण मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारतो, "काय झालं होतं रे घरी? मला सांग." हे प्रेमाने विचारतो, तरी ते करू नये. त्याने आधीच पोलीस, समिती, अधीक्षक, परिविक्षा अधिकारी अशा कितीतरी जणांना तेच सांगितलेलं असतं, आणि दर वेळी सांगताना ते पुन्हा तिथे जाऊन येतं. मूल स्वतःहून काही बोललं तर ऐकावं, उलटतपासणी करू नये. मात्र ते लैंगिक अत्याचाराबद्दल असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलालाही तसंच खरं सांगावं, की हे मला कळवावं लागेल आणि तोपर्यंत मी तुझ्यासोबत आहे.

आता आपला स्वतःचा, भाषेच्या शिक्षकांचा कसूर. आपल्या निबंधांचे विषय आठवा. 'माझी आई.' 'माझे घर.' 'बालपणीची एक रम्य आठवण.' 'दिवाळीची सुट्टी मी कशी घालवली.' बालगृहातल्या मुलासमोर हा कागद ठेवायचा आणि त्याने दहा गुणांसाठी रम्य आठवण काढायची! काही मुलं गाइडमधली आई उतरवून काढतात, ती सुटतात. काही कोरा कागद देतात. मी आता प्रत्येक वेळी तीन विषय देते, त्यातला एक घर-माणसांपासून लांबचा असतो. 'माझी सायकल', 'शाळेतला नळ', 'मी पाहिलेला पक्षी'. नळावरचा निबंध वाचून पाहा एकदा. मुलं आईपेक्षा नळावर जास्त खरं लिहितात, असं माझं मत झालं आहे. यात बालगृहाच्या मुलांचा संबंधही नाही.

आणखी एक गोष्ट ओळखायला हवी, कारण तिच्यापायी सगळ्यात जास्त मार बसतो. फ्रँक पुटनम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मुलांच्या निरीक्षणासाठी वीस कलमांची एक यादी केली आहे. ती प्रशिक्षित माणसाने वापरायची, आपण नाही. पण तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत की वाचताना मी थबकले. एक, कौशल्य दिवसागणिक बदलणं, काल येत होतं ते आज अजिबात न येणं. दुसरी, पुरावा समोर असूनही 'मी केलं नाही' म्हणत राहणं. माझ्याकडे एक मुलगी होती, बालसंगोपन योजनेखाली मावशीकडे राहणारी. सोमवारी पंधराचा पाढा घडाघडा म्हणायची, बुधवारी पंधरा दुणे अडखळायची. गणिताच्या सरांनी तिला आळशी ठरवलं. मैत्रिणीची वही फाडताना सगळ्यांनी तिला पाहिलं, आणि ती रडत रडत सांगत होती, मी फाडली नाही. खोटारडी ठरली. आता मला वाटतं की तिला खरोखर आठवत नसावं. नक्की सांगता येत नाही. पण तिच्या डोळ्यांत चोरी पकडल्याची भीती नव्हती, गोंधळ होता, आणि त्या दोन्हींतला फरक वीस वर्षं शिकवल्यावर ओळखता यायला हवा होता.

मग वही फाडली त्याचं काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि याला बगल देणारे लेख मला आवडत नाहीत. जिची वही फाटली तीही आपलीच विद्यार्थिनी. विधिसंघर्षग्रस्त मुलाच्या बाबतीत तर समोर कुणाचं तरी डोकं फुटलेलं असतं, कुणाचा तरी मोबाईल गेलेला असतो. आठवत नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. मी तिला म्हटलं, "तुला आठवत नसेल, पण वही तुझ्या हातून फाटली आहे. आपण ती चिकटवूया." दोघींनी मिळून चिकटपट्टी लावली, राहिलेली पानं तिने उतरवून दिली. कबुलीजबाब मी मागितला नाही. कबुलीपेक्षा भरपाई महत्त्वाची असं मला वाटतं, आणि निघून गेलेल्या मुलाकडून कबुली घ्यायला बसलं की ते आणखी लांब जातं.

हीच गोष्ट मंडळापुढच्या चौकशीत महाग पडते. मुलगा उभा राहतो, चेहरा कोरा, प्रश्नाला उत्तर एका शब्दात, घटनांचा क्रम उलटासुलटा. बघणाऱ्याला वाटतं, याला कशाचंच काही वाटत नाही, निगरगट्ट आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा आरोप असला तर कलम 15 प्रमाणे मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं, आणि त्यावरून त्याचा खटला प्रौढांसारखा चालवायचा का, हे ठरू शकतं. त्या वेळी अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते, तशी तरतूद कायद्यात आहे. ती दर वेळी, आणि वेळ देऊन घेतली जावी, कारण कोरा चेहरा आणि पश्चात्तापाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच मिनिटांच्या भेटीत त्या सारख्याच दिसतात.

वर्गात अशा क्षणी काय करावं? समोरून जा, मागून नको. हात लावू नका. नाव हळू घ्या आणि सरळ माहिती द्या: "आज मंगळवार आहे, आपण सातवी ब मध्ये आहोत, मी मराठीच्या बाई." पाय जमिनीवर टेकव म्हणा. पाण्याचा गार पेला हातात द्या, गार स्टील बोटांना लवकर कळतं. भानावर आलं की "काय झालं?" विचारू नका, वह्या वाटायला सांगा. बाकीच्या वर्गाचं लक्ष दुसरीकडे वळवा, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात, म्हणून 'साठ मुलांत कसं जमणार' ही सबब मी मानत नाही. मी स्वतः ती वर्षानुवर्षं दिली आहे.

डोळे मिटून शांत बसण्याचा तास अनेक शाळांत असतो. बहुतेक मुलांना तो आवडतो. पण काहींना डोळे मिटले की नको ते दिसतं. त्यांना डोळे उघडे ठेवून, खिडकीकडे बघत बसायची मुभा असावी. शिस्तीचा प्रश्न करू नये.

'मग सगळीच पोरं सवलत घेतील' असंही ऐकते. घेऊ दे एखाद्याने. दहा जणांनी नाटक करून पेलाभर पाणी प्यायलं तर शाळेचं काय जातं? आणि एकाला खरं असताना आपण नाटकी म्हटलं तर काय जातं, ते मी त्या वहीत पाहिलं आहे.

माझी खरी तक्रार मात्र पुढचीच आहे. बालगृहातल्या प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना तयार व्हायला हवी, असं नियम सांगतात. त्यात आरोग्य, शिक्षण, मनोरंजन सगळ्याचे रकाने असतात. मूल दिवसाचे सहा तास आपल्यासमोर असतं, पण एवढ्या वर्षांत त्या योजनेसाठी मला एकदाच कुणीतरी विचारलं, ते त्या समुपदेशक मुलीनेच. शाळेकडून एक पान मागावं, सक्तीने मागावं, असं माझं म्हणणं आहे. मुलाची कहाणी त्या पानावर नको. काय झालं की ते निघून जातं आणि कशाने परत येतं, एवढंच. आणि मूल दुसरीकडे गेलं की ते पान त्याच्याबरोबर जावं. कारण ही मुलं सतत हलवली जातात, बालगृहातून मामाकडे, मामाकडून परत, एका जिल्ह्यातून दुसऱ्या.

तोही गेला. आठवीच्या मध्यात, एका शुक्रवारी, आदल्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. दाखला लिहायला माझ्याकडे आला. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: स्थलांतर. बालगृहाचा उल्लेख कुठेही केला नाही, तुम्हीही करू नका, दाखला आयुष्यभर सोबत राहतो. शेऱ्याच्या रकान्यापाशी मी थांबले. तिथे 'वर्गाचे दार उघडे ठेवावे' असं लिहिता येत नाही. शेवटी एका वेगळ्या कागदावर लिहिलं, घडी घातली आणि न्यायला आलेल्या काकांच्या हातात दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली, बसच्या तिकिटांबरोबर.